सरकारी अडाणी

समितीच्या सभेला देशकर काका शर्टाच्या खिशात कोथिंबीर घेऊन येतात. चहा-बिस्किटं फिरली की जुडी काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "ज्यायच्यासाठी सभा, त्यायच्या खाण्याचं काय?"

ही समिती कसली, ते आधी सांगते. पांढरकवड्याच्या फार्मसी कॉलेजात मी शिकवते आणि विद्यापीठाची पीएचडीही करते. विषय जखमेवरचं मलम. ते आधी सशांवर लावून पाहायचं असतं, आणि सशाला हात लावण्याआधी या समितीची परवानगी लागते. प्राण्यांना विनाकारण त्रास होत नाही ना, हे तिनं बघायचं. तिच्यात एक सदस्य विज्ञानाशी संबंध नसलेला, बाहेरचा हवा, असा नियम आहे. आमच्या प्राचार्यांनी कॉलेजमागच्या गल्लीत राहणारे, कचेरीतून निवृत्त झालेले देशकर काका नेमले. सहीपुरता माणूस मिळाला, असं त्यांना वाटलं आणि तिथंच ते फसले.

"मले काही समजत नाई म्हणून तं नेमलं," काका अभिमानानं सांगतात. "सरकारी अडाणी आहो मी. समजेपर्यंत विचारीन."

आणि खरंच विचारतात. सशाला दुपारची झोप मिळते का? पिंजऱ्यातून बाहेरचं काय दिसतं? शेजारचा ससा आवडला नाही तर त्यानं कुठं सांगायचं?

माझ्या प्रस्तावाच्या शेवटी एक वाक्य होतं: 'प्रयोगानंतर सर्व ससे सॅक्रिफाइस करण्यात येतील.' आमच्याकडे सगळे असंच लिहितात. काकांनी हात वर केला.

"याचं मराठीत काय?"

"बळी देणं," मी म्हणाले.

"कोन्या देवाले?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "बळी म्हटलं की देव पाह्यजे, नवस पाह्यजे, डफडं पाह्यजे. यातलं काय हाये तुमच्याजवळ? मारता तं मारतो म्हणा ना! अन् मलम लावून बरं केलेल्याले मारता कायले?"

"भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायचा असतो."

"मंग तुकडा घ्या. अख्खा ससा काहून?"

समितीतल्या पशुवैद्यांनी मान डोलावली. भूल देऊन कातडीचा बारीक तुकडा घेता येतो म्हणाले. झालं! माझं काम दुप्पट वाढलं. सशांचे प्राण वाचले आणि माझे गेले, असं मी घरी येऊन किती तरी वेळ बडबडत होते.

पण पिंजरे साफ करता करता त्या सशांचा मलाही लळा लागला, हे कबूल करायला हवं.

मग मे आला. मी मैत्रिणीच्या लग्नाला यवतमाळला गेले होते. सशांना पाहणारा शिपाई लग्नसराईतच मुकुटबनला गावी गेलेला, जाताना सशांच्या खोलीची किल्ली काकांकडे ठेवून. भरदुपारी कॉलेजच्या चौकीदाराचा फोन आला, "मॅडम, वारा-वावधनात पोल पडला. लाइट गेली. मी वायरमनले आणाले जातो."

आमच्याकडच्या उन्हात बिनकूलरच्या खोलीत ससा तग धरत नाही. मी काकांना फोन लावला. बंद. मोबाइल तापतो म्हणून काका त्याला दुपारचा आराम देतात! लग्नाचं जेवण तसंच सोडून मी एसटी पकडली. वाटभर मला पीएचडी आठवलीच नाही, नुसते ते कान दिसत होते.

पोचले तर खोलीचं दार सताड उघडं. आत पिंजरे नाहीत. मेले म्हणून कुणी उचलून नेले की काय? तशीच काकांच्या घराकडे पळाले.

काका ओसरीत बनियनवर बसले होते, डोक्यावर ओला दुपट्टा, अंगावर घामाच्या धारा. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत जेवून राह्यले."

मी खिडकीतून पाहिलं. कूलरच्या वाऱ्यात पिंजरे ओळीनं मांडलेले, आणि सगळेच्या सगळे ससे पालक खात होते. मी ओसरीवरच बसले आणि रडले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"पालक टाकाले गेलो तं कूलर बंद. आमच्या गल्लीची लाइन अलग हाये," काका म्हणाले. "ऑटोत टाकून आणले. परवानगी नाई घेतली. सभेत माह्या विरुद्ध मांडजो."

"मांडते," मी नाक पुसत म्हणाले. "पण तुम्ही या झळांत बाहेर का?"

"मी आत गेलो का खाणं सोडून कोपऱ्यात दबतात." मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "तुही काकू गेल्यापासून घरात फक्त आपल्याच जेवणाचा आवाज येते. त्याच्यापायी मी टीव्ही लावून जेवतो. आज आतून दुसऱ्या कोनाचं खाणं आयकून राह्यलो. बरं वाटते, पोरी."

तेवढ्यात चौकीदाराचा फोन आला, कॉलेजची लाइट आली म्हणून. काका लगेच उठून शर्ट शोधू लागले. "ऑटो बलावतो. नियम म्हंजे नियम."

"आज नको," मी म्हणाले. "एका दिवसात दोनदा हलवलं तर ते बिथरतील. रात्रभर इथंच राहू द्या. समितीला मी सांगते."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हे शास्त्रात हाये?"

"आहे."

"मंग राहू दे," काका म्हणाले आणि बादली उचलून, आवाज होऊ न देता, बाहेरूनच कूलरमध्ये पाणी ओतू लागले.