झोपे मॅडम आणि खिशातलं माप

आमच्या झोपे मॅडम कोणाच्याही तोंडातून कवळीसाठी माप काढलं, की त्याला आधी आंघोळ घालतात. त्यांच्या जळगावच्या दवाखान्यात मी मदतनीस म्हणून लागले तेव्हा हे बघून हबकलेच होते. गुलाबी लगद्यात उमटलेला तो ठसा त्या नळाखाली धरतात, लाळ, रक्त जाईपर्यंत धुतात, जंतुनाशक फवारून पिशवीत बंद करतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. वेळ भरली की पुन्हा धुतात. मगच तो कवळी बनवणाऱ्या लॅबकडे जातो.

"हे नुसतं माप नाही रेखा, हे आख्खं तोंड आहे," त्या म्हणतात. "यातलं काही लॅबवाल्याच्या हाताला लागलं, तर तो आजारी पडेल, नाहीतर पुढच्या पेशंटच्या कवळीबरोबर इकडे परत पाठवेल."

एकदा त्या अचानक लॅबमध्ये गेल्या, तर मापांच्या टेबलावर पोह्यांची बशी. त्यांनी ती उचलली, लॅबवाल्याच्या घरी नेली आणि त्याच्या बायकोला सांगितलं, "वहिनी, यांना घरीच खाऊ घाला. तिथे गावभरची तोंडं उघडी पडलेली असतात." लॅबवाला हातात चमचा धरून तसाच उभा होता म्हणे.

मागच्या वर्षी एरंडोलकडचे एक नाना कवळीसाठी आले. तोंडात एकही दात नव्हता. माप घेऊन झालं, मॅडम ते धुवायला लागल्या आणि नाना खुर्चीतून वळून बघायला लागले. फवारा बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"मनं तोंड काय गटार शे का?" त्यांनी अहिराणीतून विचारलं.

आम्ही काही बोलायच्या आत ते उठले, मॅडमनी माप घातलेल्या पिशवीतून ते काढलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि चालू लागले.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "खिशात घातलं," एवढंच म्हणाल्या. मग तशाच, हातमोज्यांसकट, रिक्षात बसल्या. मी मागून पळत जाऊन शेजारी बसले. बाहेर पेशंट आ वासून बघत होते.

नाना बसस्टँडवर बाकड्यावर बसले होते. मला वाटलं, आता मॅडम जंतूंवर भाषण देणार. त्या त्यांच्याशेजारी बसल्या. पुसल्याशिवाय कुठल्याही बाकावर न टेकणाऱ्या मॅडम.

"नाना, मी सगळ्यांचंच धुते. माझ्या सख्ख्या आईचंही असंच धुतलं होतं."

नानांनी खिशावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मांगे मले टीबी व्हता. बरा व्हयनू. तरी घरमा मनं ताट न्यारं शे, पेला न्यारा शे. तुमनं ते फवारनं देखं, वाटनं, आठेबी तेच."

बरा झालेला माणूस आणि अजून वेगळं ताट. मॅडमनी हातमोजे काढले, पर्समध्ये कोंबले.

"माझ्या घरी तर ताटच एक आहे, नाना," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून."

इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. त्या घरी एकट्या राहतात हे मला माहीत होतं. पण घराबद्दल त्या कधी काही बोलल्याचं आठवत नाही.

नानांनी खिशातलं माप काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते वाळून वाकडं झालं होतं, त्याला तंबाखूचा चुरा चिकटला होता. परत येऊन नवीन माप घेतलं. ते धुताना मॅडमनी नानांना शेजारी उभं केलं आणि काय करतो, कशासाठी करतो, ते सगळं सांगितलं. नाना मान डोलावत राहिले.

कवळी आली, बसली. दोनदा घासून ठाकठीक केली. शेवटच्या वेळी नाना आले ते कापडात बांधलेला डबा घेऊन.

"ताई, कळण्यानी भाकर शे, ज्वारी-उडीदनी. आते मले चावता येस. तुमनासंगे खासू म्हनं."

मॅडम दुपारी दवाखान्यात काही खात नाहीत. मी तसं सांगायला पुढे झाले, तर त्या नळाकडे जाऊन हात धूत होत्या. मग आतल्या खोलीत एकच ताटली काढली, दोघांच्या मध्ये ठेवली आणि भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी मोडला.

मी दार लोटून घेतलं. बाहेरच्या पेशंटना सांगितलं, जरा थांबा, मॅडम जेवतायत.