मागच्या सीटवरचा दोष

माझ्या मुलाच्या मोटरसायकलची रेस बिघडली. मूठ पिळली की आधी ती नुसतीच सैल फिरते, गाडी ढिम्म. मग गाडीला एकदम आठवतं, आपल्याला पुढे जायचंय. मुलगा पुढे जातो. मी मागे राहते.

माझी धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून आहे. तिची वेणी मीच घालते. माझ्या सुनेने घातली तर ही बया दिवसभर डोकं खाजवते आणि सुनेचा उद्धार करते. त्यामुळे दर आठवड्याला त्या मागच्या सीटवर बसणं मला भाग आहे. गेल्या खेपेला असा हिसका बसला, की चप्पल चौकात राहिली आणि मी पुलावर पोचले.

"गाडी दाखवून आण," मी म्हटलं.

"आई, मला तर काही जाणवत नाही."

"तुला कसं जाणवेल? तुझ्या हातात मूठ आहे. माझ्या हातात तुझा शर्ट, त्याचीही बटणं गेली."

कंपनीचं सर्व्हिस सेंटर काचेचं, थंडगार. एकाच्याही कपड्यावर तेलाचा डाग नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता. टायवाल्या साहेबाने स्वतः एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "दोष आढळला नाही."

"मागे बसून बघा."

"चाचणीत मागे बसायला परवानगी नाही."

"पण धक्का मागेच बसतो!"

"म्हणूनच परवानगी नाही, आजी."

मग मी आवाज चढवला. काचा हलल्या. साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला आणि 'विशेष बाब' म्हणून मला बसायची मंजुरी आणली. चालवायला मेकॅनिक दिला. फाटकाशीच गाडीने उडी मारली. मी हाताला लागलं ते धरलं. ती त्याची कॉलर निघाली. परत आल्यावर तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, दोष आढळला."

साहेबांचा चेहरा खुलला. "आता कारण शोधू. आमची पद्धत शास्त्रीय आहे. एकेक भाग काढून बघायचा. सहज निघणारा भाग आधी."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मला काढून बाकावर ठेवलं.

फेरीला निघण्याआधी मेकॅनिकने मुठीजवळच्या केबलचा नट पान्याने फिरवला. मूठ हलवून पाहिली. मघाशी पायजम्याच्या नाडीसारखी लोंबणारी केबल आता ताणून बसली. मी डोळ्यांनी पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. तो गेला आणि लोण्यावर सुरी फिरावी तसा परत आला.

"धक्का नाही!"

"सिद्ध झालं," साहेब म्हणाले. "कारण सापडलं."

"काय सापडलं? अरे, तो नट ढिला होता! आत्ता आवळला त्याने!"

"तो आम्ही प्रत्येक फेरीआधी आवळतो. नियम आहे."

"मघाशी मी बसले तेव्हा का नाही आवळलास रे?"

मेकॅनिक मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही घाई केलीत, आजी."

"हे बघा," साहेब समजुतीने म्हणाले, "नटाबद्दल कुणाची तक्रार नाही. तुम्ही होता तेव्हा धक्का होता. तुम्ही नाही, धक्का नाही. यापुढे तुम्हाला बसवलं तर वॉरंटी जाईल."

मी मुलाकडे पाहिलं. हा माझा, मी वाढवलेला, शिकलेला. तो गाडीच्या चकचकीत टाकीकडे पाहत म्हणाला, "आई, मावशीशी फोनवर बोलत जा ना."

फोनवरून वेणी कशी घालतात, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. सून जाते आता, त्याच गाडीवर, त्याच सीटवर. बहीण डोकं खाजवते आणि फोनवर मला शिव्या घालते.

परवा मुलाने त्याच सीटवर सिमेंटचं पोतं बांधून आणलं. माझ्याहून जड. गाडी हूं की चूं नाही.

"पोतं चालतं वाटतं?"

"आई, पोत्याने कधी तक्रार केली नव्हती ना."

हसलात? हसा. हसून झालं की जरा घरात एक फेरी मारा. नट ढिला होता, तेव्हा तुम्ही खाली कुणाला उतरवलंत, ते माणूस कुठल्या बाकावर बसलंय बघा.