फ्रिजमधलं डोकं

शुक्रवारी सकाळी तोर्केलने स्वयंपाकघरातला फ्रिज उघडला आणि डोकं जागेवर नव्हतं.

डोकं जेलीचं होतं. चायना ग्रास, साखर, मीठ आणि पाणी शिजवून रात्रभर थिजवलेलं. त्यावर अँटेनांचं हेल्मेट चढवायचं, मायक्रोवेव्हने मेंदूतली गाठ तेवढी त्रेचाळीस अंशांना तापवायची आणि बाकीच्या मेंदूला धग लागू द्यायची नाही, हे तोर्केलचं पोस्टडॉक संशोधन. तीन वर्षं चाललं होतं. आजवर गाठ सोडून सगळं तापलं होतं. एकदा तर शेजारी ठेवलेली कॉफी. आज अकराला इस्पितळातली मेंदूची सर्जन शेश्टिन प्रात्यक्षिक पाहायला येणार होती. तोर्केलची नोकरी राहणार की जाणार, ते तिच्या शब्दावर ठरायचं होतं.

"गुन्वोर, इथलं माझं डोकं कुठाय?"

प्राध्यापिका गुन्वोर ओटा पुसत होती. गोथेनबर्गच्या या विद्यापीठात स्वयंपाकघराची पाळी प्राध्यापकांनाही चुकत नाही, आणि संशोधनापेक्षा ती जास्त मन लावून केली जाते.

"पांढरट, थुलथुलीत? टाकलं मी. नाव नव्हतं, तारीख नव्हती."

"अगं, नाक होतं त्याला! कान होते! दिसलं नाही का तुला?"

"दिसलं की. पण फ्रिजवरची चिठ्ठीही दिसली. 'नाव-तारीख नसलेली वस्तू शुक्रवारी कचऱ्यात जाईल. तुमची आई इथे कामाला नाही.' खाली सही कुणाची, वाच."

सही तोर्केलची होती. इथली माणसं तोंडावर भांडत नाहीत, चिठ्ठ्या लावतात, आणि त्या कामात तोर्केलचा हात धरणारा कुणी नव्हता.

"आणि प्रयोगशाळेतला फ्रिज काय झाला?" गुन्वोरने विचारलं.

"बिघडलाय. दुरुस्त करायचा का, यावर पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"हं. मग रीतसरच चाललंय," गुन्वोर म्हणाली. "ओल्या कचऱ्यात टाकलं हं, सुक्यात नाही. गाडी आठलाच गेली."

नवं डोकं थिजायला रात्र लागते. हातात होता दीड तास. शहाण्या माणसाने खरं सांगून टाकलं असतं, पण तोर्केल शहाणा नव्हता, उच्चशिक्षित होता. त्याची नजर टेबलावरच्या खोक्याकडे गेली. आत फिकासाठी, म्हणजे इथल्या रोजच्या कॉफीपानासाठी, पाहुणीकरता आणलेला प्रिन्सेस केक. स्पंज आणि मलई, वरून मार्झिपॅनचा, म्हणजे बदामाच्या लगद्याचा, हिरवा थर, आकार थेट टकलासारखा.

"तोर्केल, हात लावू नकोस! फिकाचा केक आहे तो. कॉफीबरोबर तिला काय देणार, तुझे आलेख?"

"अगं, वीस मिनिटांचा प्रश्न आहे. हेल्मेटखाली कुणाला काय दिसतंय?"

शेश्टिन अकराच्या ठोक्याला आली. केकच्या मधोमध तापमापकाची तार खुपसलेली होती आणि वर हेल्मेट. तोर्केलने देवाचं नाव घेतलं, तेही तीन वर्षांत पहिल्यांदाच, आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडे चढू लागले. चाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. लाल ठिपका बरोब्बर मध्ये आणि भोवती सगळं थंडगार. हे घडू शकतं, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. तो आ वासून पाहत राहिला.

"छान," शेश्टिन म्हणाली. "आता फिका. निर्णय कॉफीवरच घेऊ. केक कुठाय?"

गुन्वोरने हेल्मेटकडे बोट दाखवलं. आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडायला प्राध्यापकांना फार वेळ लागत नाही.

शेश्टिनने हेल्मेट उचललं. ती हसली नाही की रागावलीही नाही. तिने सुरी मागितली आणि केक मधोमध कापला. आत सुपारीएवढ्या जागेतली मलई वितळून गेली होती. तिच्या भोवतीची जशीच्या तशी घट्ट.

"कडा बघ किती स्वच्छ आहेत. इथे गाठ असती तर गेली असती." तिने कडेचा तुकडा तोंडात टाकला. "आणि बाकीचं शाबूत आहे. तुझे आलेख मला कधीच पटले नव्हते, तोर्केल. हे पटलं."

तोर्केलचे डोळे भरून आले. "म्हणजे... माझ्या नोकरीची मुदत वाढली?"

"मुदत?" शेश्टिनला नवल वाटलं. "अरे, जमत नव्हतं म्हणून तर मी दर वर्षी वाढवून देत होते. आता जमलं ना! इथून पुढे आमच्या इस्पितळाची माणसं बघतील. अभिनंदन!"

आणि तिने मधला तुकडा त्याच्या बशीत वाढला.