उजवा बैल

हरसिंगकाका आपल्या उजव्या हाताला शिव्या घालायचे. रोज सकाळी, साऱ्या तांड्याला ऐकू जातील अशा. "उठ ना बे, गऱ्या! काहून बसला?" गऱ्या म्हणजे जुवाखाली बसकण मारणारा बैल.

मुकुटबनजवळच्या त्या तांड्यात मी मास्तर होतो, काकांच्या शेजारीच राहायचो. साठ-एकसष्टची गोष्ट. लकव्यानं काकांचा उजवा हात गेला होता. हात रोज हलवा, असं यवतमाळचे डॉक्टर म्हणाले. काकांनी त्यावर आपलं बैलांचं शास्त्र चढवलं. "गुर्जी, एक बैल जोर लावते, म्हनून दुसरा अंग चोरते." मग डावा हात कमरेला बांधून घ्यायचे! माशीसुद्धा हाकलता येत नसे. लेक सोनी घास भरवायला आली की डाफरायचे, "त्याले उचलू दे!" अर्धी भाकर कुत्रं खायचं.

उजवी बोटं ओल्या गेरूत बुडवून ते भिंतीवर जमेल तितकी वर टेकवायचे. ठसा कालच्यापेक्षा वर गेला की साऱ्यांना गूळ.

मला मेल्याला गंमत सुचली. काका वावरात गेले की मी माझीच बोटं गेरूत बुडवून त्यांच्या ठशाच्या वर टेकवू लागलो. सकाळी काका घामाघूम व्हायचे, पण तिथवर पोचत नसत. मी कुडाआड तोंडात रुमाल कोंबून हसायचो.

आठव्या दिवशी शिव्या ऐकू आल्या नाहीत. काका भिंतीकडे पाठ करून बसले होते. "रोज खालीच येऊन राह्यला जी. मेला हा." तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मास्तरकीची अब्रू आडवी आली. दोन महिने त्यांनी हात हलवला नाही. सोनीचं लग्न ठरलं, तेव्हा कुठे पुन्हा हाताच्या मागे लागले.

पाठवणीला सोनी बापाच्या गळ्यात पडून ढावलो गाऊ लागली. सासरी निघताना तांड्यातल्या पोरी रडत गातात, तो. काकांचा डावा हात तिच्या डोक्यावर गेला. उजवा थरथरत निघाला, खांद्यापर्यंत आला आणि थांबला. "चाल राजा," काका पुटपुटत होते, "येवढ्या खेपेले चाल." नाही गेला. गाडी निघून गेली.

काका माझ्यापाशी आले. "तिची माय मेली तवा म्या सांगतलं होतं तिले, पाठवनीले डोक्यावर एक हात माहा ठेवीन, एक तुह्या मायचा. तिच्या ध्यानात आलं काय जी, गुर्जी?"

"नाही काका," मी म्हणालो.

"मंग बरं झालं."

भुईनं पोटात घ्यावं असं झालं मला. तरीही ठशांचं मी बोललो नाही.