उत्तरार्ध थोडा घट्ट हवा होता

माणूस रडतो स्वतःच्या भाषेत, हसतो स्वतःच्या भाषेत, झोपेत बरळतोही स्वतःच्याच भाषेत. चित्रपटाबद्दलचे मत मात्र तो इंग्रजीत देतो. असे का, या भानगडीत आमची संस्था पडलेली नाही. जे चाललेच आहे ते निदान नीट चालावे, एवढाच आमचा माफक हेतू.

'चित्रपटविषयक इंग्रजी अभिप्राय वर्ग' लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर शुक्रवारी, नेमका पहिल्या खेळाच्या वेळेला भरतो. (मुद्दाम. चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी शिकवायला जड जातो.) खालून इस्त्रीची वाफ येते. तिच्यामुळे सगळे जरा घामेजलेले, विचारात पडलेले दिसतात. अभिप्रायाला हे पोषक आहे.

अभ्यासक्रमातील काही वाक्ये, अर्थासह:

इट इज लेयर्ड. (कळला नाही.)
अ स्लो बर्न. (एसी चांगला होता.)
इट हॅज इट्स मोमेंट्स. (मध्ये दोनदा जाग आली.)
व्हिज्युअली स्टनिंग. (गोष्ट नाही.)
इट इज अंडरस्टेटेड. (काहीच घडत नाही.)
द सेकंड हाफ कुड हॅव बीन टायटर. (अर्थाची गरज नाही. उत्तरार्ध सगळ्याच चित्रपटांना असतो, त्यामुळे हे वाक्य आजवर कुठेही चुकलेले नाही.)

प्रात्यक्षिके जिन्यात होतात, कारण मत हे उभ्याने, बाहेर पडता पडता, हातात गाडीची किल्ली फिरवत द्यायचे असते. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना संस्था किल्ली पुरवते. (किल्ली कपाटाची आहे. लांबून ओळखू येत नाही.)

वर्गात दोन सख्ख्या जावा आहेत. थोरलीने पहिल्याच प्रात्यक्षिकात नियम मोडला. किल्ली बाजूला ठेवून ती म्हणाली, "अगं बाई, ती आई पोराला स्टेशनवर सोडून मागे वळते ना, मला तर हुंदकाच आवरेना! शेजारच्या बाईंनी रुमाल दिला."

धाकटीने कपाळाला हात लावला. "ताई, नुसतं 'मूव्हिंग' म्हणा ना!"

"एवढी रडले, आणि एका शब्दात उरकू?"

"एका शब्दात उरकता येतं," वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच तर इंग्रजी."

(मॅडम पूर्वी टेलिफोनवर ग्राहकांची समजूत कशी काढावी, हे शिकवत. पद्धत तीच आहे, फक्त ग्राहक बदलला.)

आता संस्थेच्या सर्वांत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल.

त्यांना आम्ही लिफ्टवाले म्हणतो. ते लिफ्ट दुरुस्त करतात. प्रवेश घेताना प्रत्येकाला कारण विचारले जाते; बहुतेक जण 'व्यक्तिमत्त्व विकास' सांगतात. लिफ्टवाल्यांनी भलतेच सांगितले. त्यांची मुलगी चित्रपट करते. तिने पहिला छोटा चित्रपट घरीच मित्रमंडळींना दाखवला होता. सगळे भरभरून बोलले. मग कुणीतरी यांच्याकडे वळून विचारले, "काका, तुम्हाला?" हे म्हणाले, "छान आहे." मुलगी हसून म्हणाली, "बाबाचं सोडा रे, त्याला सगळंच छान वाटतं."

रागाने नाही, लाडानेच म्हणाली. रागाने बोललेले माणूस विसरतो.

आता ती मोठा चित्रपट करत होती. पहिल्या खेळाला आपले मत तिने मोजावे, सोडून देऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. बाकी व्यक्तिमत्त्व आहे तसे चालेल म्हणाले.

"मॅडम," त्यांनी एकदा विचारले, "समजा, खरंच आवडला तर?"

"'इट स्टेज विथ यू' म्हणा. म्हणजे, मनात राहतो."

"आणि नाही आवडला तर?"

"तेच. भुवया थोड्या खाली."

"पण पोरीनंच केलाय हो."

"मग तर जास्तच जपून. घरच्या माणसासमोर तोंडातून काहीही निघून जातं."

या माणसाइतकी मेहनत आम्ही पाहिलेली नाही. ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वाक्ये म्हणत. आवाज घुमतो, उच्चार कळतात. एका इमारतीतल्या रहिवाशांनी तक्रार केली की लिफ्ट 'अंडरस्टेटेड, अंडरस्टेटेड' असे बोलते. (तक्रार आम्ही यशोगाथांच्या फाइलीत लावली आहे.)

पहिल्या खेळाला संस्थेच्या वतीने आम्ही हजर होतो. परीक्षक म्हणून. अनवधानाने चित्रपटही पाहिला गेला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

चित्रपट आपल्याच भाषेत होता. त्यात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आहे. तो रोज संध्याकाळी मुलीला फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो आणि ठेवून देतो. पूर्वार्ध एवढाच. उत्तरार्धात त्याची बायको आजारी पडते. दवाखान्याची लिफ्ट नेमकी बंद असते आणि तो स्ट्रेचर तसेच टाकून आधी लिफ्टच उघडायला बसतो, कारण त्याला तेवढेच येते. लिफ्ट सुरू होते. पुढचे आम्ही सांगत नाही. आमच्या शेजारी बसलेल्या लिफ्टवाल्यांना ते चित्रपटाआधीच माहीत होते.

त्यांनी संपूर्ण उत्तरार्ध खुर्चीचा हात धरून पाहिला. (शरीरभाषा : समाधानकारक.)

दिवे लागले. बाहेर गर्दी. मुलीभोवती माणसे. लेयर्ड, स्टनिंग, स्लो बर्न, सगळे व्यवस्थित पार पडत होते. ती सगळ्यांना थँक यू, थँक यू म्हणत होती आणि मान उंचावून कुणाला तरी शोधत होती. मग सगळ्यांना तसेच सोडून ती आली आणि तिने बापाचे मनगट धरले.

"बाबा, तू सांग."

लिफ्टवाल्यांनी खिसा चाचपला.

"सांग ना रे. बाकीच्यांचं ऐकून झालं माझं. कसा वाटला तुला?"

इथे आम्हाला धास्ती वाटली, हे मान्य करतो. त्यांच्या ओठांवर आपल्या भाषेतले काहीतरी, कुठल्याच वाक्यात न बसणारे, अगदी येऊन ठेपले होते. पण प्रशिक्षण वाया जात नाही. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली, एकदा फिरवली आणि स्वच्छ उच्चारात म्हणाले,

"इट्स अंडरस्टेटेड. बट द सेकंड हाफ कुड हॅव बीन टायटर."

मुलीने मनगट सोडले.

"ओह," ती म्हणाली. "थँक यू. थँक यू सो मच फॉर कमिंग."

बाकी सगळ्यांना म्हणाली होती तेच. म्हणजे मत मोजले गेले, सोडून दिले गेले नाही. प्रवेश घेताना सांगितलेला हेतू शब्दशः साध्य होणे, हे संस्थेच्या इतिहासात प्रथमच घडले. उच्चार पैकीच्या पैकी, किल्ली पैकीच्या पैकी, भावनिक गळती शून्य. त्यांना विशेष प्रावीण्य देण्यात आले.

पुढच्या शुक्रवारी ते प्रमाणपत्र न्यायला आले आणि दारातच उभे राहिले.

"मॅडम, ती 'थँक यू' म्हणाली. त्यावर काय म्हणायचं?"

मॅडमनी अभ्यासक्रम उलटसुलट चाळला. खालून वाफ आली.

"तिथे अभ्यासक्रम संपतो," त्या म्हणाल्या.

यावरून कुणी हळहळू नये. उलट वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात कुणीतरी अलीकडेच काहीतरी जीव ओतून केलेले असेल: एखादे चित्र, एखादी चाल, चार ओळी. ते आपल्यासमोर धरून कुणी उभे राहिले असेल, आणि मोबाइलवरून मान वर करून आपण म्हणाला असाल, "नाइस!"

उच्चार उत्तम होता. संस्थेला फक्त एवढेच जाणून घ्यायचे आहे: आमच्या हजेरीपटावर आपले नाव कुठेच सापडत नाही. तर मग आपण हे शिकलात कुठे?