तबकडीच्या बागेचा भाव

दिवाळे गावच्या खाडीकाठचं खळं हे मासळी सुकवण्यासाठी नसून माणसाच्या सर्वांगीण विकासासाठी आहे, असा शोध सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या थंडीत बेलापूरच्या एका कार्यालयात लागला. तोपर्यंत आमच्या किती पिढ्या तिथे जवळा सुकवत होत्या, आणि विकास न होताच मरत होत्या.

शोध लावणारे नंदकिशोर साहेब, बागांचे अधिकारी. शहरातल्या पाण्याचा निचरा कसा करतात ते बघायला त्यांना सरकारी खर्चाने अमेरिकेला धाडलं होतं. निचरा त्यांनी पाहिला असेलच. पण येताना आणली ती एक तांबडी प्लास्टिकची तबकडी. तिकडे म्हणे बागांमध्ये खांब उभे केलेले असतात. खांबाला वरून साखळ्या लोंबतात, त्यांच्याखाली टोपली. लोक लांबून तबकडी फेकतात. ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की तबकडी उचलायची आणि पुढच्या खांबाकडे चालायचं. कमी फेकीत ज्याच्या सगळ्या टोपल्या झाल्या तो जिंकला. टोपली शेवटी रिकामीच. ज्या देशात रिकाम्या टोपलीसाठी माणसं घाम गाळतात, तो देश श्रीमंतच म्हणायचा.

तर खळ्यावरच्या आमच्या बांबूच्या दांड्या उपटल्या गेल्या आणि खांब रोवले गेले. फाटकावर पाटी लागली: 'चक्रक्षेप क्रीडा उद्यान. सर्वांसाठी खुले. मासळी वाळत घालण्यास सक्त मनाई.'

मी पाटीपाशीच साहेबांना गाठलं. "सर्वांसाठी खुलं, आनि आमाला मनाई, ता कसा?"

"बयाबाई, तुम्हाला मनाई नाही," साहेब समजुतीने म्हणाले. "मनाई मासळीला आहे."

"मंग आमी रिकाम्या हातानं येऊन करायचं काय?"

"विकास," साहेब म्हणाले.

विकास करायला आमची ना नव्हती. पण ओला जवळा दुपारपर्यंत थांबत नाही. घराच्या पत्र्यावर पसरला तर अर्धा कावळ्यांचा, रस्त्याच्या कडेला पसरला तर वर सिमेंटच्या ट्रकांची धूळ. दोन टोपल्या सुकवायला घ्याव्या तर एक उकिरड्यावर जायला लागली. खळं गेलं म्हणजे चूल गेली, हे काही कार्यालयातून पत्र यायची वाट बघून कळावं अशातलं नव्हतं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी स्वतःच सांगितलं की बाग सध्या 'प्रायोगिक तत्त्वावर' आहे. सहा महिन्यांनी जनता बागेला दहापैकी गुण देईल. पाचाच्या खाली गेले तर खांब निघतील आणि खळं जसंच्या तसं गावाला परत.

"लोकशाही आहे," साहेब म्हणाले. "मात्र गुण देण्याचा अधिकार खेळून पाहिलेल्यांनाच. न खेळता मत देणं अशास्त्रीय."

मी तडक घरी आले. माझी जाऊ गोजरा अंगणात कोळंबी निवडत बसली होती. "उठ," म्हटलं. "पदर खोच. उद्यापास्ना खेलायला जायचं हाय."

"या वयात?"

"खलं परत पायजे का नको?"

गोजरा उठली.

उद्घाटनाला एक वजनदार पाहुणे आणले होते. त्यांनी नारळ फोडला, विकासावर बोलले आणि ती अमेरिकेची तबकडी हातात घेऊन जोरात फेकली. खाडीवरचा वारा उद्घाटनाला बोलावलेला नव्हता, तरी आला. तबकडी वर चढली, वळली, खाडीत उतरली आणि ओहोटीबरोबर मोरा बंदराच्या दिशेने निघून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवायला आणलेल्या माणसांना ती कुठे पडायला हवी होती हे कोणी सांगितलंच नव्हतं.

तबकडी एवढी एकच होती. दुसरी मागवायची तर परदेशातून, त्यासाठी परकीय चलन. तबकडी ही चैनीची वस्तू की क्रीडासाहित्य, असा प्रश्न निघाला आणि तो दिल्लीला गेला. तोवर बाग बंद ठेवावी, तर बंद बागेचं अनुदान परत जातं. सगळ्या बाजूंनी विचार होऊन आदेश निघाला: 'तबकडी प्राप्त होईपर्यंत खेळ तबकडीविना सुरळीत चालू ठेवावा.'

आणि तो चालू राहिला. खेळणाऱ्याने मोकळा हात फिरवायचा. फाटकावरचा राखणदार सिताराम, मूळचा साताऱ्याकडचा, याला 'पतनस्थळ निर्णायक' असा जादा कार्यभार दिला होता. तो मान वर करून आभाळात बघायचा, नजरेने काहीतरी लांबवर सोडून यायचा आणि ते कुठे पडलं ते सांगायचा. साहेबांची तबकडी पहिल्याच फेकीत टोपलीत पडे. ज्यांच्या खिशात विडी असे त्यांची दुसरीत. आमची पडेल तिथे.

नव्या वसाहतीतल्या सुमेधाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षा, रोज सकाळी कॅनव्हासचे पांढरे बूट घालून येत. त्या हात फिरवीत, सिताराम ओरडे, "साखळी! टोपली!" की बाई लाजून म्हणत, "आज मनगट जरा बरं वळलं."

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बयाबाई, खरं सांगू? तो वास गेल्यापासून कसं परदेशात आल्यासारखं वाटतं."

"वाटनारच," मी म्हटलं.

"आणि संध्याकाळी सुकट आणाल का थोडी? मागच्या दाराने या. पेपरात गुंडाळून हं, जिन्यात कळायला नको."

गोजराची पहिली फेक आली तेव्हा तिने टोपली पालथी करावी तसा दोन्ही हातांनी हिसका दिला. सितारामने मान वळवली. "खाडीत."

"खाडीत कशी? टोपलीत पडली! माज्या डोल्यांनी बघितली मी!"

"तुमचे डोळे खासगी आहेत, मावशी. माझे सरकारी."

आता तबकडीच खाडीत म्हटल्यावर खेळ थांबला. सुमेधाबाईंचा नंबर पुढचा होता. त्या चिडल्या. "अहो, मग आम्ही खेळायचं कशानं?" सितारामने वर कळवलं. तीन दिवस बाग ठप्प. चौथ्या दिवशी गोजराला विचारणा आली: शासकीय तबकडी गहाळ केल्याबद्दल खुलासा करावा.

गोजराने खुलासा केला नाही. ती साडी गुडघ्यावर खोचून चिखलात उतरली, खाली वाकून दोन बोटांनी काही नाही ते उचललं, पाण्यात खळखळून धुतलं आणि वर येऊन सितारामच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, खाकी पँटीला पुसलं आणि म्हणाला, "ओली आहे. वाळेपर्यंत थांबा." सगळे थांबले. त्या खळ्यावर त्या सहा महिन्यांत कायदेशीरपणे वाळली ती एवढी एकच वस्तू.

अशा रीतीने आम्ही साऱ्या बाया रीतसर खेळाडू झालो.

गुण द्यायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना देवळापाशी जमवलं. "उद्या साहेब इचारील, दहापैकी किती. सून्य म्हनायचं. दुसरा सबूद तोंडातना काढायचा नाय. काय म्हनायचं?"

"सून्य!" देवळावरची कबुतरं उडाली.

"वसाहतवाले नऊ देतील, ता देऊ दे," मी म्हटलं. "ते चार जन हायत, आपन चालीस." हिशेब पक्का होता. खळं परत आलंच होतं म्हणा ना.

पण मतं कामाच्या जागी जाऊन घ्यावीत, असं कार्यालयात ठरलेलं. साहेब सकाळी सकाळी आमच्या मासळीबाजारात आले. टोपल्या नुकत्याच उघडल्या होत्या, एक पापलेटसुद्धा कोणाचं हललं नव्हतं. तोंडाशीच गोजरा बसली होती.

"बाई, दहापैकी किती?"

"सून्य," गोजरा म्हणाली. माझा ऊर भरून आला.

इथे साहेबांनी कागदावर शून्य लिहून पुढे जायला हवं होतं. पण हा माणूस लहानपणी आईची पिशवी धरून दादरच्या मासळीबाजारात हिंडलेला. नाकात वास गेला आणि तोंडातून आपोआप निघालं, "शून्य काय, बाई! काहीतरी व्यवस्थित सांगा. नऊ लावा."

"नऊ?" गोजराचे हात कमरेवर गेले. "साखल्या गंजल्यात, टोपलीला भोक हाय, नि नऊ? एक देते. घ्यायचा तर घे."

"एकात काय होतंय? खांब बघा, अस्सल लोखंड. आठ."

"लोखंड तुज्या घरी ने. दोन."

"राहू द्या मग," साहेब म्हणाले आणि वळून चालू लागले.

ज्यांनी कधी मासळी विकली नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते रिकाम्या हाताने गेलं की दिवसभर टोपलीवर माशा. मग तो साहेब असो की चोर, त्याला परत बोलवायचाच.

"ए दादा! इकरं ये! भवानीचा गिऱ्हाईक तू, असा कसा चाललास? चार घे!"

साहेब थांबले. "सात."

आता मात्र मला बसवेना. गोजराला सौदा जमत नाही, हे मी ती लग्न होऊन आली तेव्हापासून सांगत आले आहे. दोनावरून एकदम चार? मी तिला कोपराने सारली. "तू सर. साहेब, सात तुला कोन देनार? सगला बाजार फिरून ये. पाच."

"साडेसात."

"अरे, तू वर कुठं चाललास? साडेपाच. सेवटचा सबूद."

"सहा, बयाबाई, आणि वर एक घाला."

वर एक घालायची आमची रीत आहे. गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणून टोपलीतला एखादा मासा वरून टाकायचा. साहेबांना रीत माहीत होती. मी टाकला. "जा, घे सात. पर कोनाला सांगू नकोस या दरानं दिलं म्हनून."

साहेब हसत पुढे गेले. बाजारात माझं कौतुक काय वर्णावं! नऊ मागणाऱ्याला सातावर आणला. गोजरा म्हणाली, "बाय, तू व्हतीस म्हनून. मी आठाला सोरला असता." पुढच्या बायांनीही सातच दिले. बाजारात एक दर ठरल्यावर त्याच्या खाली जाऊन दुसरीचं नुकसान करायचं नसतं.

दुपारी आम्ही पत्र्यावर जवळ्यावरचे कावळे हाकत होतो. गोजराचा काठीचा हात मध्येच थांबला. "बाय, आपल्याला पाचाच्या खाली जायचा व्हता ना?"

मी पाचदहा कावळे हाकले. मग चपला घातल्या आणि बेलापूरला गेले.

"साहेब, तो भाव व्हता," मी म्हटलं. "मत नव्हतं. आमचं मत सून्य हाय."

"बयाबाई, भाव आणि मत वेगळं दाखवायला आमच्याकडे सोय नाही," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, चहा मागवला. "आणि सात म्हणजे उत्तम. गावाने एकमुखाने उत्तम ठरवलेली बाग बंद केली तर लोकभावनेचा अपमान होईल."

"मंग परत इचारा."

"मतं एकदाच मंजूर आहेत. उलट तुमची पसंती बघून बाग वाढवायचा हुकूम आलाय. मासळीबाजाराची जागासुद्धा घेतोय."

"बाजाराची? आमी बसायचं कुठं?"

"तेच तर, बयाबाई. मागणीच एवढी आहे."

"नि तबकडी आली काय?"

"प्रश्न दिल्लीत आहे," साहेब म्हणाले. चहा चांगला होता.

आता आम्ही रस्त्याच्या कडेला बसतो. जवळा अर्धा कावळे नेतात, उरलेल्या अर्ध्यात सिमेंट निघतं.

वाचून तुम्ही हसाल. बायांना अक्कल कमी म्हणाल. पण गेल्या महिन्यात तुमच्याही दारावर कार्यालयाचा माणूस येऊन गेला ना, नवं शहर कसं वाटतं ते विचारत? तुमच्या नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, जिन्यातला दिवा गेलेला होता, आणि शेजारची शाळेची जागा कोणाच्या तरी मेव्हण्याला गेली हे तुम्हाला ठाऊक होतं. आम्ही निदान भर बाजारात भांडून नऊचे सात केले. तुम्ही "छान आहे हो" म्हणून पहिल्याच शब्दाला दहा दिलेत आणि दार लावून घेतलंत.