गांडुळं नको म्हणाली

सुनिधीला वाटलं होतं की गांडुळं पुढ्यात टाकलेलं निमूट खातील. प्रत्यक्षात जयसिंगपूरच्या गांडुळांना आग्रह केल्याशिवाय घास उतरत नव्हता.

नेदरलँड्समध्ये मातीचा अभ्यास करताना तिने शेकडो पेट्या पाहिल्या होत्या. तिकडची गांडुळं कुणाशी बोलत नसत. परत आल्यावर तिने घरामागच्या पडवीत तशीच पेटी मांडली. खाली ओला पुठ्ठा, वर शेणमाती आणि त्यात ओंजळभर गांडुळं. गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी पेटी असली तर ओढ्यात कचरा जाईलच कशाला, असं ती भेटेल त्याला सांगत असे. तिकडची चांगली नोकरी सोडून आल्यामुळे तिचे वडील, आप्पा मगदूम, नाराज होते. "पेटी चालली नाही तर मी परत जाईन," असं ती भांडणाच्या भरात बोलून गेली आणि आप्पांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

पहिल्या दिवशी तिने दुधीच्या साली आणल्या आणि विचारलं, "देऊ का?"

"नको नको," सगळ्यांत थोरलं गांडूळ म्हणालं. "आत्ताच झालंय आमचं. तुम्हाला कशाला तरास?"

सुनिधी साली घेऊन परत गेली. नाही म्हणणाऱ्याचं नाही ऐकावं, हे तिला मनापासून पटलेलं होतं. पुढे केळ्याच्या साली नेल्या, तेव्हाही नको. चहाचा चोथा नेला, तर पोट भरलंय. एकदा न विचारताच टाकून पाहिलं, तर गांडुळं कोपऱ्यात सरकून बसली आणि आंबट वास स्वयंपाकघरापर्यंत आला. हळूहळू गांडुळं दोऱ्यासारखी बारीक झाली.

"उद्या घंटागाडीत देऊन टाकू पेटी," आप्पा म्हणाले. "आणि तुझं तिकीट बघू."

त्याच दुपारी कोथळीहून चंपूआत्या आली. तिने वाढलेला शेवटचा लाडू चुकवून पंगतीतून उठलेला माणूस त्या भागात नव्हता. तिने पेटीत डोकावलं.

"उपाशी ठेवलीस व्हय गं यांना?"

"ती नको म्हणाली, आत्या."

"म्हणून तू उचलून नेलंस?" आत्याने कपाळाला हात लावला. "अगं, ते जेवायच्या आधीचं नको हाय! एवढं शिकून तुला नको कळंना व्हय?"

तिने पदर खोचला आणि दुधीच्या साली घेऊन पेटीपुढे बैठक मारली. "घ्या की वो. असं काय करतायसा? परक्याचं घर हाय व्हय?"

"नको, खरंच," थोरलं गांडूळ म्हणालं, पण थोडं पुढे सरकलं.

"एवढीशी साल. माझ्यासाठी."

"बरं, एकच."

"एकावर कुणी उठतंय का? दुसरी घ्या. ही धाकटी लाजतायत, त्यांच्याकडं सरकवा जरा."

चार वाजेपर्यंत साली संपल्या. आप्पांनी झाकण उघडून पाहिलं, परत लावलं आणि तिकिटाचा विषय काढला नाही.

आत्या संध्याकाळच्या एसटीने गेली. मग सुनिधी कोथिंबिरीच्या काड्या घेऊन पेटीपाशी बसली. "थोडं घ्याल का? म्हणजे, आग्रह नाही..."

एकही गांडूळ पुढे सरकलं नाही.

"जरा आवाज चढवा," थोरलं गांडूळ अदबीनं म्हणालं.

सुनिधीचे कान तापले. "घ्या म्हणते ना! तुम्हाला माझी शपथ!"

गांडुळं लगेच जेवायला बसली. काड्या संपल्यावर थोरलं पेटीच्या कडेवर आलं. "इतकं तुमचं खाल्लं. आता उद्या दुपारी तुम्ही आमच्याकडं जेवायला यायचं."

"नको हो, कशाला?" सुनिधी म्हणाली. तिचं नको अगदी खरं होतं.

पेटीत एकदम उत्साह पसरला. "असं कसं? यायलाच पाहिजे!" सगळी एका सुरात म्हणाली. "साधंच आहे. माती. पण ताजी."

ती आप्पांकडे गेली. आप्पा पेपर वाचत होते.

"आप्पा, गांडुळांनी जेवायला बोलावलंय. मी नाही गेले तर?"

"तर ती तरी आपल्याकडं कशाला जेवतील?" आप्पांनी पान उलटलं. "येणं-जाणं एका बाजूनं चालत नसतंय."

"पण माती, आप्पा."

"त्यांच्या घरी जे असंल तेच वाढणार. तू काय पुरणपोळी मागणार हाईस?" मग त्यांनी चष्मा काढला. "तुला ऱ्हायचंय का हितं?"

"राहायचंय."

"मग नीट विचार कर."

सुनिधीने रात्रभर नीट विचार केला. सकाळी आईने उप्पीट वाढलं, वर खोबरं पेरलं आणि बशी तिच्यापुढे सरकवली. सुनिधीने बशी परत सरकवली. नाश्ता करायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. दुपारी पोटात जागा हवी. वाढणारे पुष्कळ होते आणि एकावर कुणी उठू देणार नव्हतं.